आवाज ऐकू येणाऱ्या माणसासोबत राहणे: सायकोसिसविषयी थोडे सविस्तर

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

सायकोसिसचा विषय या मंचावर यापूर्वी दोन-तीनदा अवांतर म्हणून निघाला आणि प्रत्येक वेळी चर्चा "हे सगळे थोतांड आहे" विरुद्ध "आमच्या गावात प्रत्यक्ष पाहिले आहे" अशा वादात विरून गेली. म्हणून हा स्वतंत्र धागा. माझा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांपासून आवाज ऐकतो. तो नियमित औषधे घेतो, गावातल्या दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवतो आणि तरीही आवाज त्याला अधूनमधून ऐकू येतात. खालील मजकूर त्याने वाचला आहे व त्याच्या संमतीनेच येथे देत आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. जे वाचले, जे डॉक्टरांना विचारून घेतले आणि जे घरात पाहिले तेवढेच लिहितो.

सायकोसिस हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा अनेक रोगांत येतो, तशी ही अनेक आजारांत दिसणारी अवस्था आहे. या अवस्थेत प्रत्यक्षात नसलेले ऐकू येते किंवा दिसते, पुराव्याने न हलणारी एखादी समजूत मनात पक्की बसते आणि विचारांची साखळी तुटते. स्किझोफ्रेनिया हे तिचे सर्वांत परिचित कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला, हा आजार होता. परंतु तीव्र नैराश्य, बायपोलर आजार, बाळंतपणानंतरचे काही आठवडे, अचानक बंद केलेली दारू, गांजा, धोतऱ्याची विषबाधा, फेफरे, मेंदूतील गाठ किंवा संसर्ग यांतही अशी अवस्था येऊ शकते. म्हणूनच पहिल्या भेटीत डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, व्यसनाची चौकशी करतात, कधी डोक्याचा स्कॅन करायला लावतात. "मनाच्या आजाराला रक्त कशाला तपासायचे," असे म्हणून अनेक जण तेथूनच परत फिरतात.

स्किझोफ्रेनिया बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा काहीसा लवकर. सुरुवात आवाजांनी होतेच असे नाही. झोप उडते, मुलगा मित्रांत बसणे सोडतो, अंघोळ टाळतो, शिकत असेल तर मागे पडतो, आणि घरचे ते आळस, मोबाइल किंवा प्रेमप्रकरण यांच्या खात्यावर मांडतात. त्यानंतर संशय येतो, आणि येथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. संशयाला रूप गावच पुरवतो. माझ्या भावाला वाटत होते की बांधाच्या वादातून भावकीने आमच्यावर करणी केली आहे व रात्री घरामागे माणसे उभी असतात. बांधाचा वाद खरा होता. भावकीशी बोलणे बंद होते, हेही खरे होते. त्यामुळे घरातल्या निम्म्या लोकांना त्याचे म्हणणे आजार वाटलेच नाही, सावधपणा वाटला. शहरातला मुलगा कॅमेरे आणि मोबाइल टॉवरविषयी बोलू लागला तर लोक लवकर चमकतात; आमच्याकडे करणी आणि भानामती हे शब्द ऐकून कोणीच चमकत नाही.

आवाज कसा तयार होतो, याविषयी संशोधकांनी मांडलेले एक स्पष्टीकरण मला उपयोगी वाटले. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो आणि ते बोलणे आपलेच आहे, ही खूण मेंदू त्यावर लावतो. ही खूण लागली नाही, तर आपलेच अंतर्गत बोलणे परक्याचे वाटू शकते. आवाज ऐकू येत असताना घेतलेल्या मेंदूच्या चित्रणात बोलणे तयार करणारा भाग सक्रिय झालेला आढळला आहे. दुसरी बाजू डोपामिन या रसायनाची. कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. त्याचे कार्य वाढले की शेजाऱ्याचे खाकरणे, मोटारसायकलचा हॉर्न, टीव्हीवरील एखादे वाक्य या सगळ्यांना विलक्षण अर्थ येतो आणि तो अर्थ आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. सर्व आवाजांना ही दोन स्पष्टीकरणे पुरत नाहीत. परंतु एक गोष्ट त्यांतून नक्की कळते, ती म्हणजे ऐकणारा ढोंग करत नाही. त्याला ते खरोखर ऐकू येते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आवाज ऐकू आला म्हणजे सायकोसिस झालाच, असे नाही. झोपेत शिरताना आपल्या नावाने कोणी हाक मारल्यासारखे वाटणे अगदी सामान्य आहे. जोडीदार गेल्यानंतर त्याचा आवाज येणे किंवा तो घरात असल्याचे जाणवणे हेही तसेच. १९७१ मध्ये वेल्समधील विधवा-विधुरांच्या पाहणीत जवळपास निम्म्या लोकांनी असे अनुभव सांगितले होते आणि बहुतेकांनी ते त्याआधी कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते. आवाजामुळे त्रास होतो का, झोप-जेवण-काम बिघडते का आणि सोबत पक्के भ्रम आहेत का, यावरून डॉक्टर पुढचे ठरवतात.

आता ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा. घरचे लोक दोनच गोष्टी करतात: "कोणी बोलत नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून भांडतात, किंवा त्याला बरे वाटावे म्हणून "हो, मलाही ऐकू आले" असे म्हणतात. पहिल्याने तो बोलणे बंद करतो आणि दुसऱ्याने भ्रमाला साक्षीदार मिळतो. आमच्याकडे उपयोगी पडले ते तिसरेच बोलणे: "मला काही ऐकू येत नाही, पण तुला येते आहे आणि त्याचा तुला त्रास होतो आहे, हे मला दिसते. काय म्हणतात ते?" हा प्रश्न विचारल्यावर घरात प्रथमच कळले की आवाज दोन आहेत, एक शिव्या देतो आणि दुसरा नुसता तो काय करतो आहे ते सांगत राहतो, आणि संध्याकाळी एकटा असताना ते वाढतात. उपचारांसाठी ही माहिती डॉक्टरांनाही लागते, पण ती विचारायला तालुक्याच्या ओपीडीत त्यांच्याकडे वेळ असतोच असे नाही.

अनुभव असलेल्यांनी लिहावे. नावे, गावे व डॉक्टरांची नावे टाळावीत.

बालाघाट (बीड)

धागा आवश्यक होता. मी शासकीय सेवेत मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम करतो. येथे व्यक्तिशः लिहीत आहे.

औषधांविषयी भर घालतो. सायकोसिसवरील पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये फ्रान्समध्ये वापरात आले. आज आपल्या शासकीय रुग्णालयांत प्रामुख्याने रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि हॅलोपेरिडॉल दिसतात. "डॉक्टर फक्त झोपेच्या गोळ्या देतात" हा समज खोटा आहे. सुरुवातीला झोप येते, पण भ्रम व आवाज कमी व्हायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कुटुंब औषध सोडून देते. दुसरी गळती बरे वाटल्यानंतर होते. पहिला झटका आलेल्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करणारे एक अमेरिकी संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट झाल्याचे त्यात दिसले. औषध कधीच कमी होत नाही असे नाही, परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचे असते.

आमच्या जिल्ह्यातली गळती मात्र कॅलेंडरप्रमाणे होते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि रुग्ण घरी एकटा ठेवता येत नाही म्हणून त्यालाही फडावर नेले जाते. महिन्याच्या गोळ्या संपल्या की विषय संपला. मार्चमध्ये तो परत येतो तो हातपाय बांधून. यावर उपाय आहेत. जाण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की आम्ही इतके महिने बाहेर आहोत. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे दीर्घकाळ काम करणारे इंजेक्शन अनेकांना चालते. चिठ्ठी व औषधाच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारखान्याजवळच्या शासकीय रुग्णालयात तो दाखवून पुढचे औषध घेता येते. मुकादमाला आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही, "दर महिन्याला एक सुई घ्यावी लागते" एवढे पुरते.

दुष्परिणाम लपवू नका आणि सोसूही नका. मान किंवा जबडा अचानक वाकडा होणे, डोळे वर जाणे हे दिसायला भयंकर असते (गावात त्यालाच "अंगात आले" म्हणतात), पण इंजेक्शनने थोड्या वेळात उतरते. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, ही अस्वस्थतादेखील औषधाची असू शकते. घरच्यांना ती आजार वाढल्याची खूण वाटते आणि ते स्वतःहून गोळी वाढवतात, त्याने ती आणखी वाढते. ओलान्झापिनने भूक, वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून वजन व साखर नियमित तपासावी. रिस्पेरिडोनने काही स्त्रियांची पाळी थांबते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती अचानक सोडली किंवा वाढवली तर डॉक्टरांना सांगावे, कारण धुरामुळे ओलान्झापिन व क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारावरील औषध) शरीरातून लवकर निघून जातात.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते. यांतील काही औषधांमुळे, विशेषतः थरथर थांबवण्यासाठी सोबत दिल्या जाणाऱ्या गोळीमुळे, घाम कमी येतो आणि शरीर तापते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा या रुग्णांना भर दुपारी रानात काम देऊ नये.

काळी_माती (जालना)

दोघांचेही लिखाण माहितीपूर्ण आहे, पण मला त्यात शहरी सूर जाणवतो. आमच्या माणसांना देवऋषी किंवा दर्गा येथे उतार पडलेला मी पाहिला आहे. सैलानीला (बुलढाणा जिल्ह्यातील दर्गा) आमच्या भागातून दर वर्षी किती लोक जातात, ते सगळे मूर्ख आहेत का? शिवाय डॉक्टर आहेत कोठे? मराठवाड्यात एकही प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही आमच्यापासून दूर.

पूर्णाकाठ

काळी_माती, मूर्ख कोणीच नाही आणि मी तसे म्हटलेलेही नाही. आम्हीही गेलो होतो. तेथे आईला जे मिळाले ते ओपीडीत मिळाले नव्हते: कोणीतरी तिचे पूर्ण ऐकून घेतले आणि "तुझ्या मुलाचा दोष नाही" असे सांगितले. त्या वाक्याची किंमत मी कमी लेखणार नाही. उतार पडतो हेही खरे, कारण काही तीव्र, अल्पकालीन सायकोसिस काही आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि श्रेय ज्याच्याकडे तेव्हा गेलो होतो त्याला मिळते. परंतु जो ओसरत नाही, त्याचा उपचार जितका लांबतो तितके पुढे बरे होणे कठीण होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. माझी तक्रार श्रद्धेविषयी नाही, उशिराविषयी आहे.

गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात याच विचाराने डॉक्टर व मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) यांना एकत्र आणणारा "दवा आणि दुवा" असा उपक्रम चालला आहे: दर्ग्यात आलेल्या रुग्णाला तेथेच मनोविकारतज्ज्ञ पाहतात आणि मुजावरच त्याला गोळी घ्यायला सांगतात. असे काही आपल्याकडच्या यात्रांत व्हावे असे मला मनापासून वाटते.

मारहाण मात्र कोणत्याही श्रद्धेत बसत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मनोरुग्णालयांचे तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि तो अन्यायच आहे. परंतु बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयाची गरजच नसते. छत्रपती संभाजीनगरची घाटी (तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय महाविद्यालय आणि लातूरचे शासकीय महाविद्यालय येथे मनोविकार विभाग आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत तपासणी होते.

निनावी_ओवी (लातूर)

मी स्वतः आवाज ऐकणारी आहे. येथे आतापर्यंत सगळे आमच्याविषयी बोलत आहेत म्हणून लिहायला बसले.

मला तीन आवाज येतात. त्यांतली एक माझी वारलेली आत्या आहे, दोघांना मी ओळखत नाही. औषध सुरू होण्यापूर्वी ते दिवसभर बोलत आणि माझ्याकडून काही कबूल करून घेऊ पाहत. औषधाने ते गेले नाहीत. दूर गेले, भिंतीपलीकडून आल्यासारखे झाले आणि त्यांच्यातला जोर गेला. आत्या तर आता बहुतेक वेळा घरकामाच्या सूचना देते. हे वाचून हसू येईल, पण मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन माटेओ, घानातील अक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा चेन्नईतील अनेकांना नातेवाइकांचेच आवाज येत होते आणि ते स्वयंपाक कर, आवर, अंघोळ कर असे सांगत होते. अमेरिकेतील रुग्णांनी बहुधा हिंसक व अनोळखी आवाजांचे वर्णन केले. म्हणजे आवाज कोणाचा व कसा असेल, हे आपण कशा माणसांत वाढलो यावरही ठरत असावे.

१९८७ च्या सुमारास नेदरलँड्समधील मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम यांनी आवाज ऐकणाऱ्या लोकांना दूरचित्रवाणीवरून संपर्क करण्याचे आवाहन केले. शेकडो लोकांनी प्रतिसाद दिला आणि त्यांतले बरेच जण कोणत्याही उपचाराविना आवाजांसह नीट जगत होते, हे पाहून ते स्वतः चकित झाले. त्यांनी व सॅन्ड्रा एशर यांनी पुढे जे काम केले त्यातून अनेक देशांत आवाज ऐकणाऱ्यांचे गट उभे राहिले. त्या गटांतील काही जण औषधांना विरोध करतात. मी त्यांच्यातली नाही. माझे एकदा औषध सुटले तेव्हा काय झाले ते मी येथे लिहिणार नाही, पण पुन्हा तसे करणार नाही. मात्र "आवाज पूर्ण बंद झाले तरच बरी झालीस" ही अट मी माझ्या आयुष्यावरून काढून टाकली आणि त्यानंतर मला श्वास घेता आला.

रोजचे उपाय सांगते. तोंड आणि गळा कामात असतील तर आवाज मंदावतो. गुणगुणणे, मोठ्याने वाचणे, आकडे म्हणणे, काहीही चालते. मी संध्याकाळी हरिपाठ मोठ्याने म्हणते. आई त्याला भक्ती समजते, आणि असेलही, पण मला त्याचा वैद्यकीय उपयोगही होतो. (पूर्णाकाठ, तुमच्या भावाला दुधाचे फॅट मोठ्याने वाचून नोंदवून पाहायला सांगा.) एका कानात इअरफोन घालून बोलण्याचा कार्यक्रम ऐकणेही चालते. आवाजाला मी वेळ ठरवून दिली आहे: "आता काम आहे, रात्री जेवणानंतर बोल." पहिल्या महिन्यात त्याने मानले नाही, नंतर बऱ्याच अंशी मानू लागला. बसमध्ये उत्तर द्यावेसे वाटले तर मोबाइल कानाला लावते, मग कोणी वळून पाहत नाही. कोणत्या दिवशी आवाज वाढले याची वही ठेवल्यावर कळले की झोप कमी झाली, उपवास घडला किंवा घरात भांडण झाले की दुसऱ्या दिवशी ते हमखास वाढतात. आता मी उपवास करत नाही. सासरी याचे कारण "अॅसिडिटी" असे सांगितले आहे.

आवाज जे धमकावतात ते घडत नाही, हे तपासून पाहायलाही मला समुपदेशकांनी शिकवले. "आज गोळी घेतलीस तर भाऊ मरेल" असे आवाज म्हणाला आणि मी घाबरत गोळी घेतली. भाऊ संध्याकाळी भाजी घेऊन घरी आला. असे पुष्कळदा झाल्यावर आवाज खोटारडा ठरतो. तो बोलतो, पण त्याचा अधिकार जातो.

तेरणेची_लेक (धाराशिव)

निनावी_ओवी ताई, आपले लिखाण वाचून मी मुलाला वाचून दाखवले. माझा प्रश्न असा आहे की नातेवाईक सतत म्हणतात, "लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल." मुलाचे वय सव्वीस आहे, औषध सुरू आहे, शेतीत मदत करतो, पण पूर्वीसारखा उत्साह नाही. तासन्‌तास नुसता बसतो. मी त्याला बोलते आणि मग मलाच वाईट वाटते.

निनावी_ओवी

मावशी, माझे लग्न झाले आहे आणि नवऱ्याला आधी सगळे सांगून झाले आहे. लग्न हा उपचार नाही. नवीन घर, जागरण, अपेक्षा यांच्या ताणाने आजार उलटू शकतो. मुलाला स्वतःला हवे असेल, तब्येत दीर्घकाळ स्थिर असेल आणि मुलीला व तिच्या घरच्यांना पूर्ण कल्पना असेल, तरच विचार करावा.

वकीलसाहेब_नाही_म्हणा (नांदेड)

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला विवाहास बंदी नाही. आजार विवाहास असमर्थ ठरवण्याइतका आहे का, हा प्रश्न असतो. परंतु महत्त्वाची गोष्ट लपवून विवाह केला तर तो फसवणुकीच्या कारणावरून रद्द ठरवण्यासाठी न्यायालयात जाता येते. आजार लपवल्याची प्रकरणे आम्ही पाहतो आणि त्यांत दोन्ही घरांची वाताहत होते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि तो रुग्णाच्या बाजूचा आहे. बरे असताना रुग्ण लिहून ठेवू शकतो की पुढे आजार वाढला तर कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांत असलेले २८ जण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. साखळीचा विषय निघाला की मला ते आठवते. याशिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर अनेक योजनांसाठी अर्ज करता येतो.

बालाघाट

तेरणेची_लेक, मुलाचा निरुत्साह हा आळस नाही. आवाज व भ्रम औषधाने तुलनेने लवकर आटोक्यात येतात, पण इच्छा मरणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, कमी बोलणे हा आजाराचाच दुसरा भाग आहे आणि तो औषधाला कमी दाद देतो. कधी औषधाची मात्रा जास्त असल्यानेही सुस्ती येते, सोबत नैराश्य असू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचाराच. घरात करण्यासारखे असे, की दिवसाची एक छोटी व ठरलेली जबाबदारी द्यावी, ती झाली की नोंद घ्यावी, न झाली तर भाषण देऊ नये. ब्रिटनमध्ये व्हॉन व लेफ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते की ज्या घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा अति काळजीने गुदमरवणे असते तेथे आजार अधिक वेळा उलटतो. याचा अर्थ आईमुळे आजार झाला असा कृपया कोणी घेऊ नये. आपण त्याला बोलता, कारण आपण थकलेल्या आहात. आठवड्यातून एक दिवस त्याच्यापाशी दुसऱ्या कोणीतरी थांबावे, अशी व्यवस्था घरात मागून घ्या. काळजी घेणाऱ्यांच्या गटांसाठी पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे काम जुने आहे.

दोन औषधे पुरेशी मात्रा व पुरेसा काळ देऊनही आवाज तसेच राहिले, तर डॉक्टरांकडे क्लोझापिनविषयी विचारावे. त्यासाठी सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, आणि ताप किंवा घसा दुखणे आले की थांबायचे नसते, त्याच दिवशी रक्त तपासायचे. तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. बद्धकोष्ठतेकडेही दुर्लक्ष करू नये.

काळी_माती

मी वाद घातला, पण विचारायचे वेगळेच होते. चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. चार-पाच रात्री झोपलेला नाही. भावकीतली माणसे छतावर बोलतात म्हणतो, कोपऱ्यात बसून हसतो आणि काल म्हणाला की आवाज त्याला विहिरीकडे चल म्हणतात. चुलते उद्या देवऋषीकडे नेणार आहेत. मी काय सांगू?

बालाघाट

हे थांबून वाट पाहण्यासारखे नाही. आवाज जिवाला धोका होईल असे काही करायला सांगत असतील तर ती तातडीची स्थिती असते, ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये. आजच जिल्हा रुग्णालयाच्या किंवा घाटीच्या अपघात विभागात न्यावे. निघेपर्यंत त्याला एकटे सोडू नका, एक माणूस शांतपणे जवळ बसू द्या. फवारणीची औषधे व दोर आवरून कुलपात ठेवा, विहिरीकडे जाणारी वाट राखा. त्याला थेट विचारा की आवाज मरायला सांगतात का आणि तसे करावेसे वाटते का. विचारल्याने विचार मनात येत नाही, उलट तो सांगून मोकळा होतो. १४४१६ हा शासनाच्या टेली-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येते, वाटेत असतानाही लावा. हिंसक झाला तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

चुलत्यांना देवऋषी खोटा आहे हे पटवत बसू नका, त्यात रात्र जाईल. "मुलगा झोपलेला नाही, आधी झोपेचे करून घेऊ, मग तुम्ही म्हणाल तेथे जाऊ," एवढे म्हणा. मुलालाही लग्नाला किंवा फिरायला जायचे आहे असे सांगून नेऊ नका. झोप लागत नाही व भीती वाटते यासाठी डॉक्टरांकडे जायचे आहे, हे खरे आहे आणि बहुतेक वेळा त्याला पटतेही. तो नाहीच म्हणाला तरी कायद्यात ठरावीक अटींवर, त्याची संमती नसली तरी, दाखल करण्याची तरतूद आहे, ती तेथील डॉक्टर पाहतील.

सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, पूर्वीच्या चिठ्ठ्या असतील तर त्या, आणि एका कागदावर हे लिहून न्या: त्रास केव्हा सुरू झाला, झोप केव्हापासून गेली, काय व्यसन आहे, ताप, फेफरे किंवा डोक्याला मार आहे का, घरात कोणाला असा आजार होता का, आवाज नेमके काय म्हणतात. डॉक्टरांशी पाच मिनिटे वेगळे बोलायला मागा, त्याच्यासमोर सगळे बोलवत नाही.

काळी_माती

चुलते तयार झाले. जीप सांगितली आहे. मी आणि त्याची मावशी त्याच्या दोन्ही बाजूंना बसणार आहोत, कागद लिहून झाला आहे. घाटीत पोहोचल्यावर लिहितो.

पूर्णाकाठ

मागच्या दारांचे लॉक लावून घ्या, आणि त्याला वाटेत पाणी व काहीतरी खायला द्या. अपघात विभागात प्रथम केस पेपर काढावा लागतो. तेथेच "मनोविकार, आत्महत्येचा धोका" असे स्पष्ट सांगा म्हणजे रांगेत बसवून ठेवणार नाहीत.

काळी_माती

दाखल करून घेतले आहे. सुई दिली, आता झोपला आहे. रक्त तपासायला घेतले आहे. घरच्या एकाला सोबत थांबावे लागेल असे म्हणाले, आज मी आहे, उद्या चुलते येतील. चुलत्यांना निनावी_ओवी यांचा प्रतिसाद वाचून दाखवायचा आहे, चालेल ना?

निनावी_ओवी

चालेल, दादा. फक्त आधी त्यांचे जेवण होऊ द्या.